‘पान ६२ ला सोडलं’ असं लिहून ठेवणारा पुस्तकवाला

कोल्हापुरातल्या बहुतेक पुस्तकांच्या दुकानांचा नकाशा एकच. दर्शनी भागात वह्या आणि गाइड, मग स्पर्धा परीक्षांची चळत, आणि सगळ्यात मागे, ट्यूबलाइटचा उजेड धड पोचत नाही तिथं, कथा-कादंबऱ्यांची एक भिंत. बिंदू चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवरचं हे दुकानही यापेक्षा वेगळं दिसत नाही. दोन गाळे, आत जायला दोन पायऱ्या, पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालेली. नाव छापू नका ही मालकांचीच अट आहे. तरी त्या भागात ‘वहीवाले काका’ म्हटलं की दुकान दाखवतात.

इथं परीक्षण दुकानाचं कमी आणि त्या वहीचं जास्त. गल्ल्याशेजारी फुलस्केप आकाराच्या तीन जाड वह्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या असतात. दुकानात येणारं प्रत्येक नवं ललित, चरित्र किंवा इतिहासाचं पुस्तक त्यात नोंदलं जातं. रकाने पाच: पुस्तक आणि आवृत्ती, हातात घेतल्याची तारीख, कुठवर वाचलं, कशानं थांबलो, कुणाला द्यावं. यातला तिसरा रकाना बघायला दुकानात जावं. पुस्तकावर मत देणारे पैशाला पासरी मिळतात, पण ते मत किती पानं वाचून झालंय हे कुणी सांगत नाही. काका सांगतात. ‘पा. ६२. नायक पुण्याला गेला आणि लेखकाला गाव आठवायचं बंद झालं. सोडलं. एस.टी.त वाचायला बरं.’ ‘पा. १६. भाषा देखणी. माणूस कुठाय?’ ‘पूर्ण. शेवटची ३० पानं नसती तर दोनदा वाचलं असतं.’ दर्शनी टेबलावर जी यशाची आणि श्रीमंतीची पुस्तकं रचलेली असतात त्यांच्यापुढं एकच शिक्का मारल्यासारखी नोंद आहे: ‘वाचलं नाही. विकतो.’

काकांचं वाचन पहाटेचं. सहा ते आठ घरी, दुकान साडेदहाला. दुकानात ते पुस्तक वाचत बसत नाहीत, फक्त नवं पार्सल फुटलं की चाचपून बघतात. महिन्याला चार-पाच पुस्तकं शेवटपर्यंत जातात आणि वीस-पंचवीस अर्ध्यात राहतात. अर्धवट सोडण्याची त्यांना अजिबात लाज नाही, आणि वाचकानंही ती बाळगू नये असं त्यांचं म्हणणं. वाचायला घेतलेली प्रत ते नव्या मालात परत ठेवत नाहीत. तिच्यावर ‘नमुना प्रत’ असा शिक्का पडतो आणि ती ४० टक्के सवलतीत विकली जाते. कोल्हापुरात स्वस्तात चांगलं पुस्तक हवं असेल तर या नमुना प्रतींचा खण आधी बघावा. कणा मोडलेला नसतो, कारण वाचताना ते पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडत नाहीत. हजार रुपयांच्या वरचे ग्रंथ मात्र नमुना प्रत करून परवडत नाहीत. ते करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचतात. हे ग्रंथालय १८५० सालचं. दुकानदारानं वाचनालयाचा सभासद असणं अनेकांना विचित्र वाटतं, पण वहीतल्या जाडजूड चरित्रांच्या नोंदी त्याशिवाय झाल्या नसत्या.

नवं पुस्तक तपासायची त्यांची पद्धत शिकून घेण्यासारखी आहे. मलपृष्ठावरचा मजकूर ते वाचतच नाहीत. सुरुवात दुसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांपासून. आवृत्ती लिहिलंय की पुनर्मुद्रण? आवृत्ती म्हणजे मजकुरात काही बदललं असायला हवं. तेच फिल्म किंवा फाइल पुन्हा चालवली तर ते पुनर्मुद्रण. बरेच प्रकाशक दोन्हीला आवृत्तीच म्हणतात, आणि पाचवी आवृत्ती म्हणून मिरवणारं पुस्तक प्रत्यक्षात ३००-३०० प्रतींचे पाच घास असतं. त्यानंतर पहिला फॉर्म, म्हणजे पहिली सोळा पानं. मग थेट मधला एखादा फॉर्म. पहिल्या सोळा पानांवर लेखकानं आणि संपादकानं सगळ्यात जास्त हात फिरवलेला असतो, त्यामुळं त्यांवरून निकाल देणं म्हणजे लग्नातल्या फोटोवरून माणूस ओळखणं. मधल्या पानांत संपादक दमलेला असतो. तिथं वाक्य उभं राहिलं तर पुस्तक घरी जातं.

जुन्या पुस्तकांच्या नव्या छपाईसाठी त्यांची वेगळी चाळणी आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळं २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो, आणि छापतात. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. हक्क सुटलेल्या पुस्तकांच्या स्वस्त प्रती घेताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पानसंख्या: जुन्या प्रतीत २५० पानं असतील आणि नवीत त्याच टायपात १६० असतील तर मजकूर कापलाय, मग ‘संक्षिप्त’ असं कुठं लिहिलेलं असो वा नसो. दुसरी, ऱ्य. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धा ऱ मोडतो आणि त्याचा रफार होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे सह्याद्रीच्या खोल दरीत समुद्र येतो. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो. एका पानावर असे दोन सापडले की मुद्रितशोधन झालेलं नाही असं समजावं आणि दुसऱ्या प्रकाशकाची प्रत मागावी. काका ती मागवून देतात.

अनुवाद. इथं वही सगळ्यात कडक आणि सगळ्यात उपयोगी. मराठीत सध्या ललितापेक्षा अनुवादांचे गठ्ठे जास्त फुटतात आणि त्यांचा दर्जा एका प्रकाशनातही पुस्तकागणिक बदलतो, कारण तो अनुवादकावर अवलंबून असतो. काका आधी अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे का बघतात. आत, बारीक अक्षरांत लपलं असेल तर वहीत फुली. मग मूळ भाषा कोणती आणि मराठीत ती थेट आली की इंग्रजीतून वळसा घेऊन. जपानी, तुर्की पुस्तकांच्या बाबतीत वळसाच जास्त, आणि तो कबूल केलेला असेल तर त्यांची तक्रार नाही. त्यानंतर संवादाचं एखादं पान. पात्रं सारखी ‘खांदे उडवत’ असतील, ‘एक दीर्घ श्वास’ घेत असतील, आणि कुणीतरी ‘स्वतःला म्हणत’ असेल, तर अनुवादक वाक्यामागून वाक्य ढकलत गेलाय. मराठी माणूस खांदे उडवत नाही. तो ‘मला काय माहीत’ म्हणतो किंवा नुसता हात हलवतो. दुसरी खूण ‘तू-तुम्ही’ची. इंग्रजीत एकच ‘यू’. मराठीत मुलगी बापाला अहो म्हणणार की अरे, आणि कुठल्या प्रसंगापासून ते बदलणार, हे अनुवादकाला ठरवावं लागतं. पान ४० वर ‘तुम्ही’ आणि पान ४४ वर विनाकारण ‘तू’ दिसला की पुस्तक दोघांनी वाटून अनुवादित केलंय किंवा कुणी परत वाचलेलं नाही. ही चाचणी दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होते. गेल्या दोन वर्षांतल्या अनुवादांपैकी निम्म्यांपुढं वहीत ‘मूळ वाचा’ असा शेरा आहे. तो जरा फार वाटतो. इंग्रजीत सहज वाचता आलं असतं तर गिऱ्हाईक अनुवाद मागायला आलंच नसतं.

बोलीच्या बाबतीत ते त्याहून आग्रही. आपल्याकडच्या बाया ‘मी जातो’, ‘मी केलो’ म्हणतात. शहरात बसून या मुलुखातली कादंबरी लिहिणारा लेखक त्यांच्या तोंडी ‘मी जाते’ घालतो, वर दोन-चार ‘न्हाई’ आणि ‘हाय’ पेरतो आणि ग्रामीण भाषा झाली असं समजतो. वहीतला शेरा: ‘बाई इथली न्हवं.’ बोली खरी असली तरी ती सगळीकडं सारखी नसते, हेही ते बघतात. चंदगडकडची बोली कोकणीकडं झुकते, शिरोळकडच्या बोलीत कानडीचा हेल आहे, आणि दोन्हीकडची पात्रं एकाच सुरात बोलत असतील तर लेखक कधी एस.टी.नं फिरला नसावा.

कोल्हापुरात शाहू महाराजांवरचं पुस्तक वर्षभर विकलं जातं. २०२२ च्या स्मृतिशताब्दीनंतर त्यात भर पडतच गेली, आणि त्यातली बरीच एकमेकांवरून उतरवलेली. काकांची चाचणी एका तारखेची आहे: ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटात आला तो २६ जुलै १९०२ ला, आणि महाराज त्या वेळी इंग्लंडात होते. पुस्तकात तारीखच नसेल, किंवा महाराज दरबारात उभं राहून तो वाचून दाखवताना रंगवलेले असतील, तर पुढं वाचायचं नाही. शंका आली की डॉ. जयसिंगराव पवारांनी संपादित केलेला राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ काढून ताडून बघतात. शिवकाळावरच्या पुस्तकांत शेवटी संदर्भसूची आहे का, आणि पत्राची शकातली तारीख दिलीय का, एवढं बघतात. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांचं इसवी सन येतं. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना मात्र ७९ लागू शकतात. ही एका वर्षाची चूक ज्या पुस्तकात तीनदा सापडते ते कादंबरीच्या खणात हलवलं जातं, मग लेखकानं त्याला काहीही म्हटलेलं असो. तो खण बघायला मजा येते.

आता अलीकडच्या पुस्तकांबद्दलच्या नोंदी. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वहीत: ‘पूर्ण. दोनदा. गाव धरणात, माणसं दुसरीकडं, म्हस मागं. पहिली २० पानं मोठ्यानं वाचायची, मग डोळ्यानं.’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. या कादंबरीत वाक्याचा दम लांब आहे, आणि पुण्या-मुंबईचा वाचक डोळ्यानं धावतो तेव्हा अडखळून पुस्तक बाजूला ठेवतो. तेच कानावर पडलं की कादंबरीतल्या देवाप्पाची वाट सुटते. ‘कुणाला द्यावं’च्या रकान्यात उलटं लिहिलंय: प्रवासाला निघालेल्याला देऊ नये. किरण गुरवांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या २०२१ च्या पुरस्कारप्राप्त कथासंग्रहापुढं: ‘पूर्ण. कथा वाचत न्हाई म्हणणाऱ्याला हेच द्यायचं. गावाकडनं शिकायला आलेल्या पोरांना फुकट वाचायला देतो, परत आणतात.’ देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४ चा युवा पुरस्कार. तयार कपड्यांपुढं शिंप्याचा धंदा कसा उसवतो याची ही कादंबरी, आणि लेखकाचा स्वतःचा हात शिलाई मशिनवर बसलेला. नोंद: ‘एका बैठकीत. लहान आहे, अजून ४० पानं चालली असती. धंदेवाल्यांनी वाचावं.’ ४० पानांचं पटत नाही. ती जिथं थांबते तिथंच थांबायला हवी होती. दुकानदाराला पुस्तक जाड झालेलं आवडतं, हे इथं ध्यानात ठेवावं.

आणि २०२४ चा अकादमी पुरस्कार मिळालेल्या सुधीर रसाळांच्या ‘विंदांचे गद्यरूप’पुढं: ‘पा. ४८. माझ्या आवाक्याबाहेर. विद्यापीठवाल्यांना द्या.’ समीक्षेबद्दल इतकं सरळ कुणी लिहीत नाही.

पुरस्काराच्या पुस्तकांबाबत एक व्यवहाराची गोष्ट. नाव जाहीर झालं की दोन-तीन आठवडे पुस्तक कुठंच मिळत नाही. मराठी कादंबरीची छपाई आता बहुधा ५०० ते १००० प्रतींची असते, त्या वर्षभरात संपत आलेल्या असतात, आणि पुढची छपाई व बांधणी व्हायला वेळ लागतो. घाईत झालेल्या या बांधणीतच सगळ्यात जास्त दोष निघतात: एक फॉर्म दोनदा, एक गायब, एखादा उलटा. तपासायला अर्धा मिनिट लागतो. फॉर्म सोळा पानांचा असल्यानं १, १७, ३३, ४९ असे आकडे धरून सांधे बघत जायचं. शिवलेल्या पुस्तकात फॉर्मच्या कण्यावर छापलेल्या काळ्या खुणा जिन्यासारख्या उतरतात, त्यामुळं बांधणाऱ्याला चूक दिसते. गोंदाच्या बांधणीत कणा घासून टाकतात, तिथं पानं मोजण्याशिवाय इलाज नाही. काका सदोष प्रत बिलाशिवायही बदलून देतात, फक्त तिच्यात नाव लिहिलेलं नसावं. म्हणून घरी गेल्या गेल्या नाव घालू नये.

सवलत १० टक्के, २००० च्या वर खरेदी झाली तर १५. ऑनलाइन याहून स्वस्त मिळतं, आणि काका ते नाकारत नाहीत. वितरकाकडून त्यांना साधारण ३० ते ३५ टक्के सुटतात, त्यातच भाडं आणि दिवाबत्ती. पण याच हिशेबात वहीची एक कच्ची बाजू आहे. माल दोन प्रकारे येतो. परतीच्या बोलीवरचा न विकलेला माल परत जातो. नगदी मालावर सूट जास्त, ४० टक्के किंवा वर, पण तो अंगावर पडला की पडला. वहीत कुठलं पुस्तक नगदी आलंय याची खूण नाही. ती असायला हवी. नगदी पुस्तकांपुढचे शेरे थोडे मऊ असतात असा संशय दोन वर्षांच्या नोंदी सलग वाचल्यावर येतो. तोंडावर विचारलं तर मात्र काका लपवत नाहीत. ‘काका, हे नगदी हाय का?’ ‘हाय की. म्हणून तर म्होरं ठेवलंय.’

इतर उणिवा. कवितासंग्रहांच्या नोंदी जवळपास नाहीत. ‘कविता मला समजत न्हाई, तुम्हीच वाचा आणि लिवा’ म्हणून एक कोरं पान सोडलंय, त्यावर गिऱ्हाइकांनी लिहिलेलं बेभरवशाचं. विज्ञानकथांना न्याय नाही. वहीला सूची नाही, सगळं तारखेनं, त्यामुळं पुस्तक दुकानात कधी आलं हे माहीत नसेल तर शोधत बसायचं. अक्षर मात्र स्वच्छ. लहान मुलांची पुस्तकं काकू बघतात, त्यांची वही वेगळी आणि शाई हिरवी, आणि त्या काकांपेक्षा कठोर आहेत. चित्रातल्या बैलगाडीला जू चुकीच्या जागी दाखवलं म्हणून एक अख्खा संच परत पाठवल्याची नोंद तिथं आहे. पाच ते दहा वयाच्या मुलांसाठी घ्यायचं असेल तर काकांना न विचारता हिरवी वही मागावी.

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या प्रती दाखवून ‘हेच द्या’ म्हणणाऱ्यांसाठी काउंटरवर एक खरी आणि एक चोरटी प्रत शेजारी ठेवलेली असते. अक्षर करडं, समास प्रत्येक पानावर वेगळा, बारकोडच्या रेघा एकमेकीत मिसळलेल्या, मुखपृष्ठाच्या लॅमिनेशनखाली हवेचे फुगे. हातात घेतलं की कळतं.

पावसाळ्यात घेतलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं आठवड्यात बाहेरच्या बाजूला वळतात, त्याची तक्रार घेऊन जाऊ नये. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. आतला कागद दमट हवा पिऊन फुगतो, बाहेरची बाजू फुगत नाही, म्हणून ते वळतं. पुस्तक आडवं ठेवून वर वजन द्यावं, सप्टेंबरनंतर बरंच सरळ होतं. दुकानाचं गोदाम शाहूपुरीत आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यापासून जुलै-ऑगस्टमध्ये तिथले खालचे दोन खण रिकामे ठेवतात, त्यामुळं त्या दोन महिन्यांत मागवलेलं जुनं पुस्तक सापडायला वेळ लागतो. भिजलेल्या प्रती ते विकत नाहीत. साधा मॅपलिथो कागद वाळवला तर लाटा येऊन का होईना उघडतो, पण गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात ती कायमची.

बाहेरगावी पुस्तक पाठवायचं असेल तर कुरिअरऐवजी ज्ञान पोस्ट सांगावं. टपाल खात्यानं ते १ मे २०२५ पासून सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढं वाढत ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. २०० पानांचं डेमी आकाराचं पुस्तक वेष्टनासकट ३०० ग्रॅममध्ये बसतं, २४० पानांचं जाड कागदावरचं असेल तर बसत नाही. पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. जातं रस्त्यानं किंवा रेल्वेनं, त्यामुळं वाढदिवस उद्यावर असेल तर उपयोग नाही.

जूनमध्ये जाऊ नये. शाळेच्या याद्या घेतलेल्या पालकांत काकांना मान वर करायला सवड नसते. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. ‘चांगलं पुस्तक द्या’ म्हटलं तर ‘कुणाला पायजे, तुला का आईला?’ असा प्रतिप्रश्न येतो, तेव्हा शेवटचं आवडलेलं आणि शेवटचं अर्धवट सोडलेलं अशी दोन नावं तयार ठेवावीत. दुसरं नाव त्यांना जास्त कामाचं वाटतं. वही बसून हवी तेवढी वाचता येते, त्यासाठी मागच्या भिंतीशी एक स्टूल आहे. फोटो काढू देतात, पण एका भेटीत एकाच पानाचा.